हौदातलं जहाज आणि माझं लिंबू

पार्सिपनीहून, बहिणीच्या घरून निघताना तिने डब्यात थालीपीठं दिली आणि हातात एक लिंबू. मला बस लागते. बाहेर झाडं लालभडक झाली होती आणि मी आपली लिंबू हुंगत लेकीच्या, केतकीच्या विद्यापीठाकडे चालले होते.

केतकीने स्टॉपवरून थेट तिच्या वेव्ह टँकवर (लाटा उठवायचा लांबलचक हौद) नेलं. पाण्यात डायनिंग टेबलाएवढं मालवाहू जहाज तरंगत होतं.

"कंपनीला इंजिन छोटं हवंय, इंधन वाचतं," ती म्हणाली. "पण वादळात जहाजाला लाटांकडे तोंड वळवता आलं पाहिजे. नाहीतर लाटा कुशीवर आदळतात. आज हे वळलं तर डिझाइन पास."

तिचे बाबा अशाच जहाजांवर असतात. लहानपणी वारा सुटला की ती विचारायची, "बाबांना काही होणार नाही ना?" मी म्हणायचे, "नाही गं, झोप." मला काय कळत होतं, कपाळ!

ती कॉफी आणायला गेली. नवीन गाडी आपण लिंबाशिवाय हलवतो का? मग हे तर जहाज. मी जहाजावरचं झाकण उचलून लिंबू आत सरकवलं.

लाटा सुरू झाल्या. जहाज थोडं वळलं, अडखळलं आणि लाटांना आडवं झालं.

"केतकी, आत माझं लिंबू आहे गं."

तिथल्या तंत्रज्ञाने, डेव्हने, लिंबू बाहेर काढून गंभीरपणे वजनकाट्यावर ठेवलं. केतकी कपाळाला हात लावून हसत सुटली. "आई, यार, इथे आम्ही स्क्रूसुद्धा तोलून घालतो. हा रन कॅन्सल. आता पाणी शांत होईपर्यंत थांबायचं."

पाणी स्थिरावेपर्यंत आम्ही थालीपीठं खाल्ली. डेव्हने तिखटाने डोळ्यांत आलेलं पाणी पुसत आणखी एक थालीपीठ मागितलं.

पुन्हा लाटा उठल्या. लिंबाशिवायही जहाज वळलं नाही. पुन्हा केलं, तरी तेच.

केतकीने लाटा बंद केल्या. "याच कंपनीत मला जॉब मिळणार होता," ती म्हणाली. "पण एवढ्याशा इंजिनाला मी हो म्हणणार नाही, आई."

मी तिला जवळ घेतलं. एवढीशी होती, कधी एवढी मोठी झाली? मला रडू आलं.

लिंबू तिने आपल्या टेबलावर ठेवून घेतलं. परतताना मला बस लागली, तरी ते परत मागितलं नाही याचं बरंच वाटलं. इतकी वर्षं तिला झोपवून मीच जागी राहायचे. आता वारा सुटला तर कदाचित मलाही झोप लागेल.