ओहोळाकडची ओळ

बारकू भोयेचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. डोंगरातल्या घरी असो की पिंपळगावच्या मळ्यात, चार म्हणजे चार. भाच्याने त्याच्या मोबाइलमध्ये गजर लावून दिला आहे, पण गजर व्हायच्या आत तो उठलेला असतो. मग गजर वाजतो, तो बंद कसा करायचा हे बारकूला आठवत नाही आणि अख्खी टोळी उठून बसते. मुकादम असून त्याला हाक मारायची गरजच उरत नाही.

टोळी चौदा जणांची, हरसूलपलीकडच्या एकाच पाड्यातली. दसऱ्याच्या सुमारास ही माणसं द्राक्षबागांच्या छाटणीला पिंपळगाव बसवंतला उतरतात, मध्ये भात कापायला घरी जाऊन येतात आणि मग शिमग्यापर्यंत मळ्यातच राहतात. छाटणी, नको त्या फुटी काढणं, घडातले जादा मणी कातरून विरळणी, शेवटी घड तोडायचा खुडा. काम एकरावर उक्तं घेतात आणि मजुरी सारखी वाटतात. सारखी म्हणजे अगदी सारखी. बागेत पाय न ठेवता झोळीतली पोरं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या भागीबाईलाही पुरा वाटा. एखाद्या नव्या माणसाने त्यावर तोंड वाकडं केलं तर बारकू त्याला एक दिवस पोरांपाशी बसवतो. दुसऱ्या दिवशी तो माणूस गुमान कात्री उचलतो.

कामाला बारकू कडक. छाटलेल्या काडीवरून तो अंगठा फिरवतो. काप तिरका हवा, गुळगुळीत हवा. अंगठ्याला धस लागली की त्या माणसाला परत बोलावतो. ओरडत नाही, फक्त काडीकडे बोट करतो. त्याची बायको चिमणाबाई म्हणते, "ह्याने न्हावी व्हायचं सोडून मुकादमी घेतली."

अशा माणसाची एक हौस राहून गेली होती.

त्यांच्या पाड्यात चैत्रात बोहाडा व्हायचा. देवांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे चढवून सांबळाच्या तालावर नाचायचं. गणपती, शारदा, देवी ही सोंगं साऱ्या पाड्याची. बाकी एकेक सोंग एकेका घराचं. भोयांच्या घराचा रावण. मधलं तोंड नाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर, उरलेली नऊ पाठीवर बांधलेल्या लाकडी कमानीत. बारकूचा बाप तो नाचायचा आणि बारकू मागून काठीने कमान सावरायचा. बाप थकला तेव्हा म्हणाला, पुढल्या चैत्रात तू. त्याच उन्हाळ्यात, ज्या घराच्या माळ्यावर मुखवटे ठेवलेले असत त्या घराला आग लागली. मुखवटे गेले. बोहाडा थांबला. बाप पुढच्या पावसाळ्यात गेला.

याला बारा वर्षं झाली. बारकू चोपन्नचा झाला. गुडघे अजून बरे होते. किती दिवस बरे राहतील ते गुडघ्यांनाच ठाऊक. हौस तो कधी बोलून दाखवत नसे. पण शेजारच्या गावचा बोहाडा बघायला गेला की त्यांच्या रावणाचे पाय बघत उभा राहायचा आणि घरी येताना एवढंच म्हणायचा, "वळताना घाई करतो."

आता मळ्याकडे येऊ.

वाल्मीकअण्णांची तीन एकर बाग. त्यांच्या वडिलांनी एक रीत घालून दिली होती: खुडा संपला की ओहोळाकडची शेवटची ओळ टोळीची. ती ओळ बाभळींच्या सावलीत. मणी बारीक, गोडी उशिरा. टोळी निघायच्या दिवशी ती खुडायची, अण्णा स्थानिक व्यापाऱ्याला देऊन टाकायचे. दहा हजारांच्या आसपास यायचे. त्यातून पाड्यात बोकड पडायचा आणि उरलेले वाटले जायचे.

यंदा खुडा लांबला. शेवटची पाटी भरली तेव्हा होळी दुसऱ्या दिवसावर आली होती. पिकअपवाला रस्त्यावर भोंगा वाजवत होता. डोंगरातला माणूस दिवाळीला कुठेही अडकेल, पण होळी पेटताना तो पाड्यात नसेल तर लोक वर्षभर त्याचं नाव घेऊन हसतात. बायकांनी बोचकी फेकली, पोरं फेकली, वर माणसं चढली. गाडी सुटली.

घाटाच्या अर्ध्यात बारकू ओरडला, "थांबव."

"काय झालं मामा?" धनराजने विचारलं. धनराज हा बारकूच्या बहिणीचा मुलगा. गजर लावून देणारा भाचा तो हाच.

"ओळ राहिली."

मागून भागीबाईचं हसू फुटलं आणि सगळीच हसायला लागली. बारकू सोडून. लोकांच्या कापातली धस शोधणारा माणूस आख्खी ओळ उभी सोडून निघाला होता.

"द्राक्षं पळून जात नाय मामा," धनराज म्हणाला. "होळी पळून जाती."

दुसऱ्या दिवशी टेकडीवर चढून, रेंज मिळाली तेव्हा बारकूने फोन लावला. "अण्णा, चुकलं. ओळ तुम्ही तोडून टाका."

"तुमच्या ओळीला मी कात्री लावू? माझा बाप वरून बघतोय. या निवांत शिमगा खेळून."

ते निवांतच खेळले. होळी झाली, रंगपंचमी झाली, मध्ये एक लग्न निघालं. इकडे अण्णांनी ओळीचं पाणी चालू ठेवलं आणि उन्हाने मणी भाजू नयेत म्हणून वरून घरातल्या जुन्या साड्या टाकल्या. आजूबाजूच्या बागा एकेक करून रिकाम्या झाल्या. भाव चढला. सावलीतली ती ओळ, दरवर्षी कच्चीच खुडली जाणारी, पहिल्यांदा पुरी पिकली.

एक दिवस दुपारी बारकू टेकडीवर गेला असताना अण्णांचाच फोन आला. "बारकू, जेवत असशील तर हात धू आणि नीघ. मुंबईचा व्यापारी आलाय. गाडी भरत नाही त्याची. सोन्याच्या भावाने मागतोय."

ते दुसऱ्या दिवशी पहाटे मळ्यात पोचले. ओळीवर लाल, पोपटी, जांभळ्या साड्या वाऱ्याने हलत होत्या. एक जांभळी भागीबाईला एवढी आवडली की ती तिने तिथल्या तिथे कमरेला गुंडाळली. बारकूने पहिला घड हातात घेतला. मणी मधासारखे पिवळट झाले होते. एक तोंडात टाकला आणि दुसरा चिमणाबाईला दिला.

"एवढी वर्षं आपण ही आंबटच खाल्ली की रे," ती म्हणाली. डोंगरात नवराबायको एकमेकांना अरेतुरेच करतात.

दुपारपर्यंत ओळ झाली. वजन झालं. अण्णांनी पैसे आणून बारकूपुढे धरले. ऐंशी हजार.

बारकूने हात पुढे केला नाही. "पाण्याचं, साड्यांचं तुमचं काय ते काढून घ्या."

"साड्या बायकोच्या. त्यांचं भाडं लावलं हे तिला कळलं तर माझं अंथरूण ओहोळाकडे टाकील. धर मुकाट्याने."

जेवणं बाभळीखाली झाली आणि तिथेच बोलणं निघालं. टोळीचा नेम असा की मुकादम शेवटी बोलतो, कारण तो आधी बोलला की बाकीच्यांची तोंडं मिटतात. बारकू फडक्याने कात्र्यांचा चीक पुसत बसला.

"वाटून टाकू," धनराज म्हणाला. त्याच्या डोक्यात मोटारसायकलचा हप्ता होता. "चौदा वाटे. झालं."

"आणि बोकड?" कोणीतरी विचारलं.

"ऐंशी हजारांचे बोकड घेतले तर पाडा पुढल्या होळीपर्यंत ढेकर देत बसंल," भागीबाई म्हणाली.

धनराजची बायको आशा म्हणाली, "जुनी पिकअप घेऊ. दरसाली त्या ड्रायव्हरचा भोंगा कोण ऐकणार?"

"चालवणार कोण?"

"मी. स्कूटी येती मला."

"स्कूटीला दोन चाकं असतात गं."

"मग अजून दोन शिकीन."

"ऐंशी हजारात नुसता भोंगा येईल," भागीबाई म्हणाली आणि पिकअप तिथेच मोडीत निघाली.

बारकू ऐकत होता. त्याला काय हवं ते त्याच्या तोंडावर आलं होतं, पण तो ते गिळत होता. मुकादमाने स्वतःच्या हौसेसाठी चौदा जणांच्या ताटात हात घालायचा नसतो. आणि त्याला दुसरंही खुपत होतं. हे पैसे त्याला कुठेच बसवता येत नव्हते. छाटणीचे पैसे म्हणजे छाटणी, खुड्याचे म्हणजे खुडा. हे कशाचे? विसरण्याचे?

तेव्हा चिमणाबाई बोलली. "ही ओळ दरसाली दहा हजारांची. तेवढे आपल्या हाताचे. ते वाटून घ्या, बोकड आणा, काय करायचं ते करा. वरचे सत्तर कुणी कमावले?"

"आपणच की," धनराज म्हणाला.

"ते येत होते तवा तू कुठे होतास?"

"पाड्यात."

"काय करत होतास?"

"नाचत होतो."

"हां. हे नाचताना आलेले पैसे हायत. ते नाचालाच जाऊ द्या. बोहाडा करू."

बारकूच्या हातातलं फडकं कात्रीवरच थांबलं.

"मामी, हे तुला मामाने पढवलं," धनराज म्हणाला.

"तुझ्या मामाने? एका तोंडाने बोलत नाय तो. म्हणून तर दहा लागतात त्याला."

हसण्याचा असा गदारोळ झाला की अण्णा घरातून बाहेर आले. भागीबाई हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "देवीचं सोंग बघून मरते मी. नायतर मरतच नाय, बसा मला पोसत."

"आणि माझा हप्ता?"

"हप्ता हाताच्या मजुरीतून भर," आशाने नवऱ्याला सांगितलं. "मामांच्या मागे काठी कोण धरणार ते बघ आधी. तुलाच धरायची हाय."

धनराजने मामाकडे पाहिलं. मामा खाली बघत होता. मग धनराजने विचारलं, "किती जड असतं ते?"

म्हणजे तोही आला. एकेकाने मान हलवली. शेवटी सगळे बारकूकडे वळले. त्याने कात्री मिटून पिशवीत टाकली.

"करायचं तर नीट करायचं," तो म्हणाला. "घाईचं नको."

पाड्यापासून दोन डोंगर ओलांडून मुखवटे करणारा सुतार राहतो. सावरीचं हलकं लाकूड तो वापरतो. सत्तर हजारांत गणपती, शारदा, मारुती, देवी आणि तिचा महिषासुर, सांबळवाले, तेल आणि साऱ्या पाड्याचं जेवण असं बसलं. सुतार रावणाचा आकडा त्यात मिळवायला लागला तेव्हा बारकूने त्याला थांबवलं.

"तो यात धरू नको. तो आमच्या घराचा हाय."

घराचं सोंग घराने करायचं, तेही कामाच्या पैशाने, हा पाड्याचा जुना नियम. तो कोणी तपासत नाही. पण बारकूला तपासणारा कशाला लागतो? घरात छाटणीपासून खुड्यापर्यंतची दोघांची मजुरी होती, पडवीवर नवे पत्रे टाकायला ठेवलेली. ती त्याने चिमणाबाईपुढे ठेवली.

"पुरतील?" तिने विचारलं.

"माझ्या वाट्यात पुरतील. तुझ्यातले नको."

"मग माझ्यात निम्मे पत्रे येतील. निम्म्या पडवीत मी बसेन. तू रावण, तुला पाऊस काय करतो?"

सुताराकडे बारकू पाच खेपा गेला. प्रत्येक तोंडावरून अंगठा फिरवायचा. सातव्या तोंडाच्या गालावर धस लागली, ते परत घासायला लावलं. सुतार वैतागला. "बारकूबा, हा राक्षस हाय. नवरी नाय."

"राक्षसाचं कामही नीट पाहिजे," बारकू म्हणाला.

एकीकडे नाचायची तालीम चालू होती. पाठीवर नांगराचं जू बांधून तो रोज संध्याकाळी खळ्यात फेऱ्या मारायचा. धनराज मागे काठी घेऊन. पहिल्या दिवशी धनराजने काठी नको तिथे लावली आणि मामा शेणात बसला. चौथ्या दिवसापासून जमायला लागलं. मागच्याने पुढच्याचे खांदे बघायचे असतात, पाय नाही. खांदा आधी वळतो. हे धनराजला बारकूने सांगितलं नाही, स्वतः कळू दिलं. त्याला आठ दिवस लागले.

चैत्रात बोहाडा झाला. आजूबाजूच्या पाड्यांतून माणसं आली, पिंपळगावहून वाल्मीकअण्णा बायकोला घेऊन आले. रात्रभर सोंगं एकामागून एक निघाली. रावण निघाला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. हनुवटीखाली पट्टा आवळलेला, खांद्यावर कमान, कमरेला घुंगरू. त्या भाराखाली माणूस पुढे वाकतो. वाकला की नऊ तोंडं जमिनीकडे बघतात आणि रावण गवताचा भारा दिसतो. बारकू वाकला नाही. सांबळ चढलं, तो उजवीकडे वळला, दहाही तोंडं एका वेळी वळली आणि पोरं किंचाळत आयांच्या मागे लपली. त्याने एक फेरी घेतली, दुसरी घेतली, आणि सांबळवाले थांबायला लागले तेव्हा हाताने खूण करून तिसरी मागितली.

"हा आमचाच बारकू ना?" अण्णांच्या बायकोने विचारलं.

"आमचा," चिमणाबाई म्हणाली.

मुखवटा काढला तेव्हा बारकू घामाने निथळत होता आणि दात दिसेपर्यंत हसत होता. हनुवटीला पट्ट्याचा लाल वळ पडला होता. धनराज मागे उभा, हातातली काठी सोडायला तयार नाही. अण्णा जवळ आले, त्यांनी मधल्या तोंडाच्या मिशीवरून बोट फिरवलं, कमान उचलून बघितली आणि किती पडले म्हणून विचारलं.

बारकूने आकडा सांगितला नाही. तो म्हणाला, "तुमच्या बागेची छाटणी, विरळणी आणि खुडा."

एका हंगामाची त्याची सगळी मजुरी ती. त्यात दहा तोंडं आली, कमान आली, पट्टा आणि घुंगरू आले. काही उरलं नाही.