उत्तम आणि भट्टीवरची माझी दोन वर्षं

उत्तम गेल्याचा फोन सलीमनं केला तेव्हा मी पुण्यात दाढी करत होतो. अर्ध्या गालाला फेस, कानाला मोबाइल. सलीम म्हणाला, "उत्तम गेला रे. सकाळी चहा पिला, आंघोळीला म्हणून उठला अन् दारातच खाली बसला. दवाखान्यापर्यंत पोचला बी न्हाई." मी काय बोललो ते आठवत नाही. पण मनात सगळ्यात आधी काय आलं ते पक्कं आठवतं, आणि तेच लिहायला मी आज बसलोय. मनात आलं, चला... आता सांगणारं कुणी राहिलं नाही. वीस वर्षांची दोस्ती असलेला माणूस गेला आणि मला आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं, उरलेली दाढी करताना.

जालन्यात आमचं बियाण्यांचं दुकान आणि मोंढ्यामागे, म्हणजे धान्याच्या बाजारामागे, गोदाम. आजोबा राजस्थानातून आले. तेव्हापासून घरात मारवाडी आणि गल्ल्यावर मराठी असं चाललेलं. मी मात्र गल्ल्यावर बसायचं सोडून गिटार घेतली. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा सलीम बेस वाजवायचा. ड्रम वाजवणारं कुणी मिळत नव्हतं. मग चुलतभावाच्या वरातीत बेंजो पार्टीच्या गाडीवर एक काळासावळा, दणकट माणूस असा काही वाजवताना दिसला, की मी नाचायचं सोडून तिथेच उभा राहिलो. तो उत्तम. गाव परतूर तालुक्यातलं आष्टी. लग्नसराईत सुट्टीच्या दिवशी बेंजो, बाकी वर्षभर औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला. पुढच्या रविवारी सकाळी तो गोदामात आला, तुरीच्या बियाण्याच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, "रॉक म्हंजी काय असतं, जरा ऐकव."

मी तासभर एकेक गाणं ऐकवत गेलो. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "वाजवून तर भारी राह्यले. पन ह्ये वरडून कशाबद्दल राह्यले?" मी अर्थ सांगितला. हे कोळशाच्या खाणीतल्या मजुराचं, हे ट्रक ड्रायव्हरचं, हे कारखाना बंद पडलेल्या गावाचं. त्याचा विश्वास बसेना. "कामावर बी गानं करता येतं व्हय?" आमच्याकडे गाणं म्हणजे देवाचं, नाही तर प्रेमाचं. आपण आठ तास जे करतो ते गाण्याच्या लायकीचं आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी त्यानं वहीचा एक कागद आणला. त्यावर मोंढ्यातल्या हमालाचं गाणं होतं.

मग थांबलाच नाही. कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग करणाऱ्या बायांचं गाणं त्यानं केलं. नखानं कळी सोलायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर नर फूल फिरवायचं हे काम. त्याची बायको सविता लग्नाआधी तेच करायची. अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्यावर ऊस भरून जाणाऱ्या बैलगाडीवाल्याचं केलं, लाल डब्याच्या कंडक्टरचं केलं. मी चाल लावायचो आणि सवयीनं एखादा 'बिचारा' घुसवायचो. तो पेन घेऊन खोडायचा. "बिचारा कामून म्हनतो, शेठ? त्यो काम करून राह्यला, भीक न्हाई मागून राह्यला." मला तो शेवटपर्यंत शेठच म्हणाला. सुरुवातीला टोमणा होता, मग नावच पडलं.

आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्याच्या मिलचं. त्याच्या मिलमध्ये तापलेली सळई एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना पहिल्यानं विचारायचं, "सोडू?" आणि समोरच्याचा चिमटा तयार असेल तरच त्यानं म्हणायचं, "सोड!" समोरून आवाज आल्याशिवाय सळई सोडायची नाही. ज्यानं न ऐकता सोडली त्याच्याशी मिलमध्ये कुणी बोलत नाही, इतका तो नियम पक्का. उत्तमनं गाणं त्यावरच उभं केलं होतं:

भट्टी माझी जागी हाय, हात माझे जागे
सळई येते तांबडी, मी पुढे, तू मागे
सोडू?

आणि लोकांनी म्हणायचं, "सोड!" मग ड्रम. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरांनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्यांनी असा आवाज दिला, की प्राचार्यांनी माइक बंद करायला शिपाई पाठवला. गणेशोत्सवात एका मंडळापुढे आम्ही ते लागोपाठ तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी पोलिसदादाही "सोड!" म्हणाले.

उत्तम मला दर महिन्याला म्हणायचा, "एकदा चालू मिल बघायला ये. नुसती दहा मिनटं. मी साहेबाला इचारून ठिवतो." मी म्हणायचो, येतो. कधी दुकान, कधी ऊन, कधी सर्दी. खरं सांगायचं तर मला त्या झळांची भीती वाटायची. त्याहून जास्त, आपण तिथं बावळट दिसू याची वाटायची. चालू मिलवरचं गाणं मी शेकडो वेळा म्हटलं. चालू मिल मी पाहिली नाही.

मिलमध्ये गेलो तो एकदाच, खंडेनवमीला. त्या दिवशी मिल बंद असते. यंत्रं धुतात, चिमटे ओळीनं मांडून हळदकुंकू वाहतात, भट्टीला झेंडूचा हार घालतात. वर्षातला हा एकच दिवस कामगार बायकापोरांना घेऊन आत येतात. उत्तमनं मालकांना गळ घालून आमचा कार्यक्रम ठेवला होता. सळया भरायच्या ओट्यावर स्टेज. मला वाटलं, आता काहीतरी जबरदस्त करायचं. मी फाटकी बनियन घातली, डोक्याला गमछा गुंडाळला आणि तोंडाला, दंडाला, मानेला कोळशाची पूड चोळली. पुण्याहून एक ओळखीचा पोरगा कॅमेरा घेऊन आला होता. तो म्हणाला, कडक!

ओट्यावर चढलो आणि समोर पाहिलं. सगळे पुरुष आंघोळ करून, केसाला तेल लावून, इस्त्रीचे शर्ट घालून बसलेले. बायका ठेवणीतल्या साड्यांत. उत्तमचा शर्ट पांढराशुभ्र. त्याची ईश्वरी तेव्हा चौथीत होती, नवा फ्रॉक घालून पहिल्या रांगेत बसली होती. अख्ख्या मिलमध्ये काळा असा मी एकटाच. उत्तम ड्रमपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "शेठ, तोंड धुऊन ये. जल्दी." मी म्हणालो, "अरे, गेटअप आहे. कॅमेरा लागलाय." त्यानं काठ्या उचलल्या. मग जाऊन स्टुलावर बसला.

गाणं सुरू झालं. "सोडू?" म्हणून मी माइक समोर धरला. कुणी काही बोललं नाही. ज्यांचा तो शब्द होता त्यांच्यातलं कुणीच नाही. मी माइक धरून उभा... आणि मागून, ड्रमवरून, उत्तम एकटाच ओरडला, "सोड!" माझी लाज राखायला. पूर्ण गाणंभर तो वाजवत होता आणि एकटाच उत्तर देत होता. प्रसाद घेताना एक म्हातारे कामगार माझ्यापाशी आले. रागावले नव्हते. म्हणाले, "मालक, आज आमी धुऊन आल्तो."

मी तेव्हाच उत्तमपुढे हात जोडायला हवे होते. मी व्हिडिओ बघत बसलो. त्या पोरानं शांततेचा भाग कापून टाकला होता, फक्त माझं काळं तोंड आणि उत्तमचा आवाज ठेवला होता. व्हिडिओ पसरला. पुण्यातून बोलावणी आली. उत्तमला रजा मिळेना, म्हणून तिकडचा एक ड्रमवाला घेतला आणि मी तिकडेच राहू लागलो. गीतकार म्हणून उत्तमचं नाव मी सगळीकडे ठसठशीत छापलं. तेवढ्या प्रामाणिकपणावर मी पुढची चार वर्षं पोट भरलं.

मग पुण्यात प्रेक्षकांसमोर झालेली ती मुलाखत. मुलाखत घेणारी बाई फार छान बोलत होती. म्हणाली, "तुमच्या चेहऱ्यावर ती भट्टी दिसते. तुम्ही स्वतः काम केलंय ना तिथं?" नाही म्हणायला एक सेकंद लागतो. मी म्हणालो, "हो. दोन वर्षं." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणूस आणखी चेकाळतो. मी पँट वर करून पोटरीवरचा भाजल्याचा डाग दाखवला. तो डाग काकांच्या मोटरसायकलच्या सायलेन्सरचा आहे. लहानपणी चालत्या गाडीवरून उतरायला गेलो होतो. इतका मूर्ख डाग घेऊन मी त्यावर भट्टी पेटवली.

दोन दिवसांनी उत्तमचा फोन आला. "शेठ, दोन वर्षं म्हनला ना तू? कोन्त्या शिफ्टला व्हता?" आणि हसला. मीही हसलो. पलीकडे त्याच्या दारावरून जाणाऱ्या भाजीवाल्याची हाक मला ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "बराबर हाय. ठिवतो." त्यानंतर आम्ही अनेकदा बोललो. गाण्यांवर, ईश्वरीच्या शाळेवर, सलीमच्या शुगरवर. त्या विषयावर नाही. त्या एका मुलाखतीच्या दहा झाल्या आणि दर वेळी ती दोन वर्षं मी बिनदिक्कत सांगत राहिलो. बातमी आली त्या सकाळी सुटल्यासारखं कशानं वाटलं, ते आता वाचणाऱ्याला कळलं असेल.

मातीला पोचलो नाही. तीन आठवड्यांनी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. सविता वहिनींनी चहा टाकला. ईश्वरी आता आठवीत आहे. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, एक विचारू? पप्पा आम्हाला फक्त खंडेनवमीला न्यायचे. तेव्हा तर मिल बंद असती. चालू असताना पप्पा कसे दिसायचे?"

मला कळेना, हे ती मला का विचारतेय.

"तुम्ही दोन वर्षं बाजूलाच उभे होते ना? पप्पांनी सांगितलं होतं. वर्गातल्या पोरी म्हणल्या, गाणारे लोक खोटं सांगतात, तर पप्पा म्हणले, नाही, काका माझ्याबरोबर होते. माझ्याच शिफ्टला."

वहिनी चहाचे कप घेऊन दारात थांबल्या होत्या. मला खोटं रचता आलं असतं. घाम, उजेड, चिमटा... गाण्यात सगळं आहेच, त्यातलंच थोडं सांगितलं असतं तर पोरीनं ते जन्मभर जपलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ती ऐकायला पुढे झुकली होती, अगदी आपल्या बापासारखी, मान खाली घालून. माझ्याच्यानं झालं नाही.

"बेटा," मी म्हणालो, "मी तिथं एक दिवसही काम केलेलं नाही. चालू मिल मी पाहिलीच नाही. पप्पा कसे दिसायचे, मला माहीत नाही."

ती सरळ झाली. "मग पप्पा खोटं बोलले?"

"नाही. खोटं मी बोललो. पप्पांनी मला उघडं पडू दिलं नाही."

ती उठून आतल्या खोलीत गेली. मी वाट पाहिली, पण ती बाहेर आली नाही. तिनं मला माफ करावं असं मी काही केलेलंही नाही. वहिनींनी कप माझ्यापुढे ठेवला आणि पडवीच्या उंबऱ्यावर टेकल्या. म्हणाल्या, "बरं केलं, भाऊ, सांगितलं. मला ठावं व्हतं समदं. ह्यांना मी किती डाव म्हनलं, त्यान्ला फोन करून सांगा, बंद करा म्हनावं. तर म्हनायचे, म्या कामून सांगू? त्यो शेठ सवता सांगल."

मी विचारलं, "रागावला होता का माझ्यावर?"

"राग न्हाई." त्यांनी उंबऱ्यावरून हात फिरवला. "हितंच बसायचे, मोबाइल घिऊन. तुमची नवी मुलाखत आली का ड्यूटीवरून येऊन आधी ती लावायचे. चहा गार व्हायचा. पार शेवटपातूर ऐकायचे, एक शब्द सोडीत नव्हते. अन् संपली का मोबाइल बाजूला ठिवायचे, अन् म्हनायचे, 'आज बी न्हाई.'"