मालकांनी गाळलेल्या बातम्या

आई गेल्यावर बाबांना साताऱ्याहून मैलापूरला माझ्याकडे आणलं, तेव्हा मला धास्ती होती ती पेपरची. पेपर वाचल्याशिवाय बाबांच्या घशाखाली घास उतरत नसे आणि इथे तर सगळंच तमिळ. तो प्रश्न आमच्या घरमालकांनी सोडवला. तळमजल्यावरचे हे आजोबा तंजावरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच. रोज सकाळी कॉफी झाली की ओट्यावर बसून ते तमिळ पेपर बाबांना मराठीत वाचून दाखवत. त्यांची मराठी जुन्या बखरीतली, हेल मात्र तमिळ. बाबा ती सुधारायला जात, मग मालक बाबांच्या मोडक्यातोडक्या तमिळची टर उडवत. अर्धा पेपर होईपर्यंत दोघं कडाकडा भांडत. दोघांवरही माझा फार जीव.

मग मीच हौसेने बाबांना मोठा फोन घेऊन दिला. दुपारी ते कुस्त्या बघत; बघता बघता डुलकी लागे आणि फोन आपला एकामागून एक व्हिडिओ लावत राही. एकदा जाग आली तर कुणीतरी ओरडून सांगत होतं, दक्षिणेत आपल्या माणसांचं काही खरं नाही. बाबांनी तो शेवटपर्यंत बघितला. झालं! बघितला म्हणजे आवडला, एवढीच त्या फोनची अक्कल. दुसऱ्या दिवशी तसलेच आणखी आले, त्याहून जहाल. कान भरायला माणूस लागतो असं मी समजत होते. पुढे पुढे रिक्षावाला नुसता मोठ्याने बोलला तरी बाबांना त्यात शिवी ऐकू यायला लागली.

"बाबा, तुम्ही जे बघता तेच तो पुन्हा दाखवतो," मी म्हटलं.

"मग एवढे सगळे लोक काय खोटं बोलतात?"



एक दिवस फोनने इथल्याच एका पुढाऱ्याचं भाषण दाखवलं, खाली मराठी अक्षरांसकट. बाहेरून आलेल्यांनी आमच्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या, त्यांनी चालतं व्हावं. बाबा तडक खाली गेले.

"हे पेपरात आलं होतं?"

"आलं होतं," मालक म्हणाले.

"मग मला का नाही वाचून दाखवलंत?"

मालकांनी मान खाली घातली. "असलं काही असलं की मी सोडून वाचितों. तुम्हांस वाईट वाटेल म्हणून."

"म्हणजे इतके दिवस मला गोड गोडच ऐकवलंत! त्यापेक्षा माझा फोन बरा, तोंडावर सांगतो."

त्यानंतर बाबा ओट्यावर उतरेनात. खाली मालक एकटेच पेपर धरून बसत, वर फोनचा आरडाओरडा चाले. बाबांचं जेवण कमी झालं. मी गुपचूप त्या फोनवर भजनं लावली, पाककृती लावल्या, पण दोन दिवसांत गाडी पुन्हा मूळपदावर. दोघांचाही राग येई आणि रडूही येई.

शेवटी मालकच जिना चढून आले. गुडघ्यांमुळे ते कधी वर येत नसत. धापा टाकत खुर्चीत बसले, चष्मा लावला.

"आज त्याचंच दुसरं भाषण आलं आहे, राव. सगळं वाचितों. एक अक्षर सोडीत नाही."

आणि खरंच वाचलं. बाबा ओठ घट्ट मिटून ऐकत होते. उपरे, टोळधाड, असले शब्द मराठीत आणताना मालक अडखळत, थांबत, पुन्हा वाचत. वाचता वाचता त्यांचाच आवाज चढला. पेपर आपटून त्यांनी तमिळमध्ये त्या पुढाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग जोराचा ठसका लागला.

बाबा घाबरले. धावत जाऊन पाणी आणलं. "अहो, तुम्ही कशाला एवढं लावून घेता? तुम्ही तर इथलेच. तो माझ्यावर बोललाय."

"माझ्यावर बोलला असता तर मी सोडून दिलं असतं," मालक म्हणाले. "तुमच्यावर कसा बोलतो तो?"

आतल्या खोलीत फोन ओरडतच होता. बाबा तिकडे गेले नाहीत. मालकांचा हात धरून बसून राहिले.