प्रश्न उद्भवत नाही

सोपान गेला हे मला एका फ्लेक्सने सांगितलं. नांदेडला लेकीकडे दोन दिवस राहून दुपारच्या एसटीने परत आलो होतो, फोन तिच्याकडेच चार्जिंगला विसरलेला. स्टँडवर उतरलो तर समोर दोघे जण शिडी लावून फ्लेक्स बांधत होते. भावपूर्ण श्रद्धांजली. कोपऱ्यात सोपानचा तळहाताएवढा फोटो आणि त्याच्याभोवती हात जोडलेले अठरा जिवंत पुढारी, एकेक जण त्याच्यापेक्षा मोठा. ज्यांनी त्याचं तिकीट कापलं ते डावीकडे, ज्यांच्याशी तो दहा वर्षं भांडला ते उजवीकडे. माणूस अजून घरात ओसरीवर ठेवलेला, आणि यांनी चौकात त्याची वाटणीसुद्धा करून टाकली होती. मी पिशवी एका पानटपरीवर टाकली आणि त्याच्या घराकडे निघालो, गुडघ्यांनी जेवढं पळू दिलं तेवढं पळत.

याला आता सव्वा महिना झाला. राग उतरला की लिहू म्हणून थांबलो होतो. तो काही उतरला नाही, म्हणून रागातच लिहितोय.

सोपान आणि मी एका वर्गातले. तो पुढे आमदार झाला, मी टायपिंगचं इन्स्टिट्यूट काढलं. दोन्ही वेळा निवडून आला तेव्हा सरकार दुसऱ्यांचं होतं, त्यामुळे त्याची सगळी आमदारकी विरोधी बाकांवर गेली. अक्षर असं की स्वतःचं स्वतःला लागत नसे. म्हणून विधानसभेत विचारायचे त्याचे सगळे प्रश्न माझ्याकडे टाईप होत. विद्यार्थ्यांच्या स्टुलावर बसून तो बोलायचा आणि मी बडवायचो. त्या प्रश्नांची एक ठरलेली चाल असते. आधी 'हे खरे आहे काय', मग 'असल्यास', आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. ही शेवटची ओळ मी इतक्यांदा टाईप केली, की बोटं आपोआप चालायची. सरकारच्या उत्तरांचीही अशीच चाल. 'हे अंशतः खरे आहे.' 'कार्यवाही सुरू आहे.' आणि सगळ्यात खाली, कुणी दार तोंडावर लावावं तसं, 'प्रश्न उद्भवत नाही.' सोपान ते मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचा, "हबीब, उद्भवत न्हाई म्हणजे काय रे? आपल्या गल्लीत तर रोज उद्भवून राहिला."

मंत्र्यांकडे चहाला जाणारा आणि त्याच मंत्र्यांना सभागृहात फाडून खाणारा असा हा माणूस होता. त्याच्या पक्षातल्यांना चहा खुपायचा, समोरच्यांना फाडणं खुपायचं. मी एकदा विचारलं की बाबा, तुझं नक्की काय? तर म्हणाला, "आपण विरोधात हाव, वैरात न्हाई. काम होत असंल तर चहा पितो. न्हाई झालं तर कप तिथंच ठेवून भांडतो." एवढं साधं होतं ते. पण एवढं साधं कुणाला नको असतं.

आमच्या रुग्णालयात बाईडॉक्टरची जागा तीन वर्षं रिकामी होती. अडलेल्या बाईला जीपमध्ये घालायचं आणि नांदेडला पळवायचं, असाच रिवाज पडलेला. त्यावर त्याने तारांकित प्रश्न टाकला. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं आणि पुढचे उलटे प्रश्न झेलावे लागतात. असे प्रश्न शेकड्यांनी येतात, तासाभरात चार-पाचच पुकारले जातात. नशिबाने याचा तिसरा लागला. आणि नेमका त्याच दिवशी, त्याच तासाला, त्याच्या पक्षाने मुंबईतल्या कसल्याशा जमिनीवरून सभात्याग केला. सगळे घोषणा देत बाहेर. सोपानही बाहेर. विचारणाराच जागेवर नाही म्हटल्यावर तिसरा प्रश्न ओलांडून अध्यक्ष चौथ्यावर गेले. लेखी उत्तर तेवढं कागदावर आलं. शेवटची ओळ सांगायला नकोच.

त्यानंतर तीन महिन्यांनी माझी लेक शबाना बाळंतपणाला घरी आली होती. भर दुपारी तिला रक्त जायला लागलं. रुग्णालयातल्या नर्सने हात जोडले, "चाचा, हितं थांबू नका." जीप काढली. रस्त्यात शबाना माझा हात धरून एकच विचारत होती, "अब्बा, कितना दूर है?" आणि मी दर वेळी आलंच म्हणत होतो. लेकरू मेलेलंच जन्मलं. मुलगा होता.

सोपान दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आला. दारातच उभा होता, चप्पल काढत होता. मी म्हणालो, "सभात्याग जमतो ना तुला? मग इथूनबी कर." काढलेली चप्पल तशीच वाकून परत पायात घालून तो गेला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो, कारण पुढचं सगळं या एका वाक्याने झालं.

दोन महिन्यांनी तो इन्स्टिट्यूटमध्ये आला, स्टूल ओढून बसला. "तोच प्रश्न परत टाईप कर. एक अक्षर बदलू नको." मी टाईप केला. नंबर लागला नागपूरच्या अधिवेशनात. तो म्हणाला, "तू चल. तुला दाखवायचं हाय." मी प्रेक्षक गॅलरीत बसलो. त्याचा प्रश्न दुसरा होता. पहिला चालू असतानाच त्याच्या पक्षाचे लोक पुन्हा उठले, पुन्हा कसलं तरी मोठं प्रकरण होतं. खाली सगळा गोंधळ. त्यांच्या नेत्याने दारातून मागे वळून याला हाताने खूण केली, चल. हा बसून राहिला. पुन्हा खूण केली, या वेळी बोट दाखवून. हा बसूनच. एवढी बाकं रिकामी आणि मधोमध हा एकटा, हातात माझा कागद.

मग सत्तेतल्यांनी बाकं वाजवायला सुरुवात केली. त्यांना वाटलं मासा गळाला लागला. सोपान उभा राहिला आणि सभागृहातली भाषा विसरून घरचंच बोलला, "बाकं वाजवू नका. मी तुमच्यासाठी बसलो न्हाई. उत्तर ऐकायला बसलोय." मी टाळी वाजवली आणि तिथल्या शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. पण मंत्र्यांनी महिन्याभरात जागा भरतो असा शब्द दिला, तो मी दारातून ऐकला.

बाईडॉक्टर आल्या. मोठ्या नेकीच्या बाई. शबानाची दुसरी वेळ त्यांनीच केली, आमच्या गावात, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ती नात आता शाळेत जाते. सोपान तेव्हा मंत्र्यांना पेढे द्यायला मुंबईला गेला आणि कुणीतरी त्याचा फोटो काढून पसरवला. विकला गेला, म्हणाले. वर्षभरात त्या बाईंची बदली मंत्र्यांच्या स्वतःच्या गावाला झाली. सोपान दोन वेळा मंत्र्यांकडे गेला, हात जोडून बोलला. तिसऱ्या वेळी सभागृहात अध्यक्षांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला, हातात मंत्र्यांच्याच आश्वासनाचा छापील कागद. अधिवेशन संपेपर्यंत निलंबन झालं. पेढे खाणारे निलंबित करून मोकळे झाले, आणि त्याचे स्वतःचे लोक बाकांवर बसून मजा बघत राहिले. एकही उठला नाही. ज्या लोकांना जमिनीच्या प्रकरणावर उठता येतं त्यांना बायकांच्या बाळंतपणावर उठता आलं नाही. पुढच्या निवडणुकीत तिकीट कापलं, 'शिस्तभंग' म्हणून. मग सत्तेतले त्याच्या घरी गाड्या घेऊन आले, आमच्याकडे या म्हणायला. वहिनींनी त्यांना चहा दिला, याने त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, आणि त्याचं राजकारण तिथेच संपलं.

गेल्या आठवड्यात शोकसभा झाली. सेनगावपासून कुरुंद्यापर्यंतची माणसं जीप भरून आली होती. सत्तेतले पुढारी म्हणाले, "ते मनाने आमचेच होते." त्याच्या पक्षाचे म्हणाले, "शिस्तीचा शिपाई! पक्षाने ऊठ म्हटलं की उठायचा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी न विचारता माईकजवळ गेलो आणि म्हणालो, "तो एकदा उठला नव्हता. तुम्ही सगळे उठलात तेव्हा. ते सांगा." माईक बंद झाला. "चाचा, वेळ झाला," असं म्हणत कुणीतरी मला अगदी प्रेमाने खुर्चीवर आणून बसवलं. या लोकांचं प्रेम असंच, दंड धरून बसवणारं.

पण खरं सांगू, सगळ्यात जास्त राग माझा मलाच येतो. त्याला त्या बाकावर मी बसवलं. दारातल्या त्या वाक्याची माफी मी कधी मागितली नाही. तो रोज यायचा, स्टुलावर बसायचा, नातीची चौकशी करायचा, मला वाटायचं मागू कधीतरी. वीस पावलांवर घर होतं त्याचं. कुठली कारणं सांगू मी विलंबाची?

परवा वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, "हबीबभाई, त्यांच्या सहीचे कोरे कागद तुमच्याकडे हायेत म्हणं. फाडून टाका, कुणी कायबी लिहील त्यावर." होते. आमदार असताना घाईच्या वेळी लागतील म्हणून तो सही करून ठेवायचा. कपाटातून काढले, चार निघाले. फाडणार होतो. पण तिकडून येताना रुग्णालयावरून आलो होतो. बाईडॉक्टरची खोली बंद, कुलपावर धूळ. ती बदली झाली तेव्हापासून कधी चार महिने कुणी येतं, कधी वर्षभर नाही. कागद तसेच ठेवले आणि नव्या आमदारांकडे गेलो. सत्तेतलेच आहेत, तरुण आहेत, पाया पडले. म्हणाले, "चाचा, सरकार आपलंच हाय. आपल्याच सरकारला प्रश्न काहून इचारायचा?"

घरी आलो आणि चारातला एक कागद मशीनला लावला. 'हे खरे आहे काय'पासून सगळं टाईप केलं, जसंच्या तसं, सोपानच्या सहीच्या वर बरोबर बसवून. वहिनींचं ऐकलं नाही, त्यांची माफी मात्र आजच जाऊन मागणार आहे, उद्यावर टाकणार नाही. पाकीट रजिस्टरने विधानभवनाला पाठवलं. हे बेकायदा असेल, तर या लेखालाच माझा कबुलीजबाब समजावं. आठ-पंधरा दिवसांत ते परत येईल, वर शेरा असेल की सदर व्यक्ती सभागृहाचे सदस्य नाहीत, मयत आहेत. येऊ द्या. अजून तीन कागद आहेत.