माहूर उतरलेले पाय

एस्तेर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी दोन्ही पाय टबात घालून बसले होते. गुडघ्यांसाठी रोज संध्याकाळी गरम मिठाच्या पाण्यात पाय ठेवायचे, असा डॉक्टरांचा हुकूम. तिची भाची म्हणाली, "आजी, मावशी गेली..." आणि मला उठून उभंही राहता येईना. ओले पाय, गुळगुळीत फरशी, धरायला सून घरात नाही. पाणी गार होईपर्यंत तशीच बसून होते. एस्तेर असती तर पोट धरून हसली असती. "अडकली वं पुन्हा!" म्हणाली असती.

हे 'पुन्हा' कळायला केशोरीला जावं लागेल, मी लग्न होऊन तिथं आले त्या काळात. एस्तेर तिथल्या दवाखान्यात नर्स होती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, गावातल्या मोजक्या ख्रिस्ती घरांपैकी एका घरातली. आणि मी? सातवी पास, अक्कल त्याहून कमी. पायात पैंजण, वेणीला रिबन, आणि सारं गाव आपल्याकडेच बघतंय अशी खात्री. गाव बघत होतं आपापल्या धानाच्या बांध्यांकडे, पण हे मला कोण सांगणार!

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांच्या लहानशा प्रार्थनाघरात पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, बारा जणांचे पाय धुत. येशूनं आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते, त्याची आठवण म्हणून. त्या वर्षी अकराच जण भरले. एस्तेर विहिरीवर म्हणाली, "येतं का वं? नुसतं बसाचं हाये." घरी न विचारता मी हो म्हटलं. आणि पाय धुवून घ्यायला जायचं म्हणून काय केलं असेल? वजरीनं टाचा घासल्या, पाय लख्ख धुतले आणि वर लग्नात लावतात तसा लालभडक माहूर, म्हणजे आळता, रेखला.

बाकावर मागं भिंत, दोन्ही बाजूंना माणसं. पाळक माझ्या सासऱ्यांहून म्हातारे. एकेकापुढे गुडघे टेकत ते सरकत येत होते, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला... हा बापासारखा माणूस माझ्या पायांना हात लावणार! आमच्याकडे लहानानं मोठ्याच्या पायांवर पाणी घालायचं. इथं सगळं उलटं, आणि पळायला जागा नाही. ते माझ्यापुढे आले, तशी मी दोन्ही पाय वर घेऊन बाकावर मांडीच घातली. पंगतीला बसल्यासारखी! ते रागावले नाहीत. घमेल्यापाशी तसेच थांबले. शेवटी हळूच म्हणाले, "पोरी, माहे गुडघे दुखून राहिले." तेव्हा पाय खाली आले. पाणी लाल, त्यांचा पंचा लाल. शेजारी एस्तेरनं तोंडात पदर कोंबला होता.

परतताना मी चिडून विचारलं, "धुतलेलेच पाय कायले धुवाचे?"

"धुणाऱ्याले सोपं असते," ती म्हणाली. "तो वाकते अन् मोकळा होते. ज्याचे धुतात त्याले बसून राहा लागते. येशूपुढं त्याचा शिष्य पेत्रही तुह्यासारखाच अडून बसला होता, पाय देईच ना." मग जरा थांबून म्हणाली, "अन् ज्या शिष्यानं येशूले वैऱ्याच्या हाती धरून देलं, त्याचेही पाय त्यानं धुतले. माहीत असून."

मला काही कळलं नाही. घरी पुसट झालेला माहूर बघून सासूबाईंनी विचारलं, आणि मी... मी सांगितलं की एस्तेरनं मला फसवून नेलं. सासूबाई तडक तिच्या दारात, मी त्यांच्या मागे. "आमच्या सुनेले बाटवून राहिली का वं?" एस्तेरनं एकदाच माझ्या पायांकडे पाहिलं. "माहीच चूक झाली, माय," म्हणाली. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या आळीत तिला कुणी उंबरठा ओलांडू दिला नाही. गोळ्या, इंजेक्शन, सगळं अंगणात. त्याच पावसाळ्यात रोवणीच्या चिखलानं माझ्या पायांची बोटं सडली, तेव्हा त्याच अंगणात बसून तिनं माझे पाय कोमट पाण्यानं धुतले, औषध लावलं. त्या गुरुवारबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला ना पाय ओढता येईना, ना तोंड उघडता येईना.

पुढे सासूबाई गेल्या, आळी विसरली, मी मुलाकडे गोंदियाला आले. दर भेटीत सगळं सांगायचं ठरवून जायची आणि पोहे खाऊन परत यायची. शेवटच्या भेटीत ती अर्धांगानं खाटेवर पडून होती. मी घमेल्यात पाणी घेऊन कशीबशी खाली बसले. "दे पाय." तिनं चालता पाय चादरीत ओढून घेतला. "काऊन वं पेत्रा," मी म्हटलं, "माहे गुडघे दुखून राहिले!" वाकड्या तोंडानं ती हसली, आणि पाय दिला. मी धुतला, बोटाबोटांतून पुसला. वाकले, पण मोकळी झाले नाही. जिभेवर आलेलं वाक्य गिळलं. मग उठताच येईना, तिच्या भाचीनं काखेत हात घालून उचललं.

आता सूनच टब आणते, माझे पाय धुते. नको म्हटलं तरी ऐकत नाही. काल तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "आई, मला सांगून काय होणार? केशोरीला सांगा." म्हणून हे लिहिलं. तिथं हा पेपर जातो. आमच्या आळीतलं कुणी वाचत असेल तर ऐका... एस्तेरनं मला फसवलं नव्हतं. नुसतं बसायचं आहे, एवढंच ती म्हणाली होती. माझी मीच गेले होते, माहूर लावून.

टबातलं पाणी गार झालंय. सून अजून यायची आहे.