खैबरच्या मोरीतला दगड

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बायको गेली, पण तिलाही कळलं नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा या विषयाला वळसा घालूनच जातो. आज तुम्ही समोर बसला आहात असं धरतो आणि बोलायला लागतो. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

आधी थोडं त्या दिवसांविषयी सांगू? सांगतोच. ते दिवस आठवले की अजून जीव हलका होतो — आणि मग जड होतो.

सौदीत तेव्हा तेलाचा पैसा नुसता उसळत होता. जिकडे पाहावं तिकडे रस्ते, पूल, नवी घरं. आमच्या चौल-रेवदंड्याकडची कितीतरी तरणी पोरं तिकडे निघाली होती. मी गवंडी, तिकडे एक खेप आधीच करून आलेलो. आणि माझ्याबरोबर बेन्या — बेंजामिन चौलकर, सुतार, माझ्याच आळीतला. त्यांच्या लोकांना आमच्याकडे शनिवार तेली म्हणतात. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून. मुळात ते यहुदी, बेने इस्रायल. कधीकाळी नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, वाचले ते तिथेच राहिले, असं ते सांगतात. साडी आमचीच, मासळी आमचीच, भांडणंसुद्धा आमच्याच मराठीत. पण पिढ्यान्‌पिढ्या गेल्या तरी शनिवार सोडला नाही.

बेन्या निघाला तेव्हा नाक्यावर पोरांनी त्याची टर उडवली — तेली निघाला तेलाच्या गावा! सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

यहुदी माणसाला तिकडे येऊ देत नसत. मुंबईच्या एजंटाने त्याला कागदोपत्री ख्रिश्चन करून पाठवला. कामगारांच्या सबंध कॅम्पात खरं काय ते मला एकट्याला ठाऊक. आणि मी ते जपलं. शुक्रवारी सुट्टी, शनिवारी कामावर जावंच लागे. तेवढं बेन्या सोसायचा. पण शनिवारी विस्तव पेटवायचा नाही हा त्यांचा नेम, म्हणून त्या दिवशी तो स्टोव्हला हात लावायचा नाही. चहा मी करायचो. कुणी विचारलंच तर मी सांगायचो, याला काडी ओढायला दिली तर कॅम्प जाळून ठेवील! मग सगळे हसायचे आणि विषय तिथेच मिटायचा. त्याला सौदीला आणला मी, कॅम्पाच्या रीती शिकवल्या मी, त्याचं गुपित राखलं मी. केवढा अभिमान होता मला याचा! तो अभिमानच नडला, हे मला फार उशिरा कळलं.

आमचा रस्ता मदिनेच्या उत्तरेला चालला होता. मदिनेत मुसलमानांखेरीज कुणाला जाता येत नाही, म्हणून आमचा ट्रक शहराबाहेरून वळण घेऊन पुढे खैबरकडे जायचा. आणि खैबर म्हणजे — काय सांगू तुम्हाला! वाळवंट म्हणून गेलो आणि पाहतो तर काळाकुळकुळीत दगड, थेट आपल्या सह्याद्रीचा. पहिल्या दिवशी छिन्नी मारली तेव्हा तो ओळखीचा आवाज ऐकून मी बेन्याकडे पाहिलं आणि त्याने माझ्याकडे. खाली खजुराचे दाट मळे, पाटातून खळखळणारं पाणी, आणि वर खडकावर ओसाड पडलेले जुने किल्ले. संध्याकाळी सुकटीची आमटी उकळायची, कुणाच्या तरी टेपवर गाणी लागायची, आणि आमचे मुकादम इब्राहिमभाई, रत्नागिरीकडचे, जुन्या गोष्टी सांगायचे. सज्जन माणूस.

त्यांनीच एकदा किल्ल्यांकडे बोट करून सांगितलं, "हे किल्ले यहुद्यांचे होते, बाबांनो. मळेपण त्यांचेच. मग लढाई झाली, आणि पुढे खलिफाच्या हुकमाने त्यांना इथून उठावं लागलं."

बेन्या मान खाली घालून भाकर कुस्करत होता.

आता दगडाकडे येतो. येतोय — जरा थांबा.

रस्त्याखालून पाणी जायला आम्ही मोरी बांधत होतो. जवळच्या मळ्याचा जुना बांध ढासळला होता. मालकाने नुकतंच सिमेंटचं घर बांधलं होतं, त्याला दगडाची किंमत उरली नव्हती, न्या म्हणाला. आयता घडीव दगड म्हणजे गवंड्याला पर्वणी. एक लांबट, सपाट दगड मी उलटा केला तर त्यावर रेघा. मला वाटलं, जुन्या छिन्नीचे घाव असतील. दुपारी बेन्या जेवायला आला, त्याने पाहिलं आणि डबा तिथेच ठेवला. रुमाल भिजवून पुसायला लागला. मग बोट ठेवून उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर लावायला लागला. त्याला ती अक्षरं येत होती, अर्थ येत नव्हता — लहानपणी प्रार्थना नुसती घोकून घेतलेली. पण एक शब्द त्याला लागला. शालोम, म्हणजे शांती. गावच्या कब्रस्तानात त्याच्या आजोबांच्या दगडावर होता तोच.

"थडग्याचा हाय रे, नाम्या," तो म्हणाला. "कुणाचा तरी बाप झोपला व्हता ह्याच्याखाली."

स्वतः त्याला हे कुणाला सांगता येईना. ही अक्षरं तुला कशी येतात, असं कुणी विचारलं तर? म्हणून मी सांगायचं ठरलं. मी मुकादमांना दगड दाखवायचा, मुकादमांनी कंपनीच्या साहेबांना, आणि साहेबांनी पुराणवस्तू खात्याला. ते रियाधच्या म्युझियममध्ये नेऊन ठेवतील. मला कसलाच धोका नव्हता. एका हिंदू गवंड्याला दगड सापडला, त्याने दाखवला — संपलं. मी हो म्हणालो. दगड सिमेंटच्या गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवला. आठवडाभराने, साहेब कामावर फेरी मारायच्या आधीच, बेन्याला पुढच्या पुलावर सेंटरिंगच्या फळ्या ठोकायला पाठवलं. ट्रकमध्ये चढताना तो मला पुन्हा म्हणाला, दगड जप.

मी का नाही सांगितलं?

वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी घाबरलो. चौकशी झाली असती, बेन्याचं बिंग फुटलं असतं, दोघांचे इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, रद्द होऊन घरी पाठवलं असतं. खोटं आहे ते. आताच सांगितलं ना तुम्हाला, धोका नव्हता.

खरं असं की — मला ते सहन झालं नाही. दगड सापडल्यापासून बेन्या बदलला होता. ताठ चालायचा. वाळूत बोटाने ती अक्षरं काढायचा आणि पुसायचा. किल्ल्यांकडे घरच्यासारखा पाहायचा. एकदा हळूच म्हणाला, "आमची मान्सं हितं राजासारखी राहिली रे." आमच्या आळीतला तेली, ज्याला मी पंखाखाली घेऊन आलो, त्याचे इथे किल्ले! आणि माझं कोण होतं तिथे? मी तर नुसता परमुलखातला गवंडी. त्याला आता माझी गरज नाही, असं मला वाटलं. जिवलग मित्राचा हेवा वाटणं काय असतं, ठाऊक आहे तुम्हाला? वरवर आपण त्याच्याबरोबर हसत असतो.

मोरीच्या कोपऱ्याला लांब दगड हवा होता. दुसरे होते. घडवायला थोडा वेळ लागला असता, इतकंच. मी गोणपाट सोडलं. भरदिवसा, सगळ्यांसमोर. अक्षरांचं तोंड आत केलं, सिमेंटचा माल थापला आणि दगड बसवला. वर दुसरा थर चढवला. मुकादम जाता जाता म्हणाले, "वा नामदेव, कोपरा काय सुरेख आलाय!" मला बरं वाटलं. हेही सांगायला हवं — मला बरं वाटलं.

बेन्या परत आला तो ट्रक थांबायच्या आत उतरला. "दिलास?"

"दिला. साहेब स्वतः घेऊन गेले, रियाधला."

माझे सिमेंटने फुटलेले हात त्याने आपल्या डोळ्यांना लावले. लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर सांगायला संधी नव्हती का? चिकार होती. पुढची सगळी वर्षं संधीच होती. बेन्या बायकामुलांसह इस्रायलात गेला, तिकडे स्थिरावला. अधूनमधून गावी यायचा. एकदा त्याने नवस फेडायला मलिदा केला — गुळाचे पोहे, ओलं खोबरं, फळं, एलियाहू नबीच्या नावाने. जमलेल्या सगळ्यांपुढे मला उभं करून म्हणाला, ह्याने आपला दगड वाचवला. पहिला वाटा मला दिला. तो मी खाल्ला. त्याची नातवंडं माझ्या पाया पडली, आणि मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

गेल्या साली बेन्या वारला. त्याच्या मुलीचा फोन आला. लहानपणीच तिकडे गेलेली, मराठी थोडं अडखळतं. म्हणाली, "काका, पप्पांच्या थडग्यावर वर हिब्रू आणि खाली मराठी लिहायचंय. खैबरच्या पूर्वजाची खूण यांनी वाचवली, असं. पप्पांनी सांगून ठेवलेलं. म्हणाले, नामदेवला विचार, मगच लिही. बरोबर आहे ना?"

मी तिला ती ओळ पुन्हा एकदा म्हणायला लावली.

मी म्हणालो, "बरोबर आहे, बाळा. फक्त 'वाचवली' नको. 'राखली' लिही. जास्त शोभेल." मोरीत तो दगड अजून आहे, तेवढं तरी खोटं ठरणार नाही.

महिनाभराने तिने फोटो पाठवला. मी चष्मा लावून नीट पाहिला. काम चांगलं आहे. अक्षरं खोल कोरली आहेत.