आप्पांना कोमट लागलेलं पाणी

मी शाळेत भूगोल शिकवते. कुणी एक प्रश्न विचारायचा अवकाश, माझा तोंडाचा पट्टा सुरू. कोकणातल्या त्या गरम पाण्याच्या कुंडावर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नेमका तसाच प्रश्न विचारला. "हितं खाली चूल कुणी पेटवलीय गं?"

त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून सोलापुरातून एवढ्या लांब आणलं होतं, तेही माझ्याच हट्टानं. मोडनिंबची शेती भावावर सोपवून ते शुक्रवार पेठेत माझ्याकडं राहायला आले, तेव्हापासून जिना चढताना कण्हायचे. साखरेचं दुखणं तर जुनंच. त्यानं पाय बधिर झालेत हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. वाटेत चप्पल निसटली तरी त्यांना कळायचं नाही, आणि मी आपली त्यांनाच वेंधळे म्हणून ओरडायचे.

ते काठावर बसले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.

"लई गरम नाही ना?"

"न्हाय गं, कोमटच हाय की."

मग काय, मी सुटलेच. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथं खडक तापलेला असतो, पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. वाट मोकळी असली की असा निवांत झरा वाहतो. वाट अरुंद असली तर वरच्या पाण्याचं वजन खालच्याला दाबून धरतं. ते शंभर अंशांच्या वर तापलं तरी उकळत नाही. मग वरचं थोडं सांडलं, दाब कमी झाला, की खालच्याची एकदम वाफ होते आणि सगळं आभाळात उसळतं. आप्पा मान डोलवत होते. मला लई भारी वाटत होतं.

तेवढ्यात तांदळाची पुरचुंडी घेऊन आलेली एक बाई किंचाळली, "अहो, पाय काढा त्यांचे! ह्यात आम्ही भात शिजवतो!"

मी पाय ओढून बाहेर काढले. लालबुंद झालेले, टाचेची कातडी सुटून लोंबत होती. आणि आप्पा विचारतायत, "काय झालं गं?" एवढं ब्रह्मज्ञान सांगणारी मी, पाण्यात साधं बोट बुडवून बघितलं नव्हतं.

तिथं मलमपट्टी करून आम्ही तडक सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जखम काळी पडून वर चढली तर पाऊल कापावं लागेल. "दुखतं का ते रोज विचारत जा. दुखलं तर चांगलंच, तेवढा भाग जिवंत आहे."

आप्पांना दवाखान्यात ठेवून घेतलं. रोज पट्टी बदलताना आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बोंब ठोकायची, आणि आप्पा नर्सला पीकपाणी सांगत बसायचे. मी ओढणी तोंडात धरून उभी. देवा, एकदा तरी दुखू दे यांना. सख्ख्या बापासाठी असलं मागणं! शेवटी न राहवून मी त्यांच्यावरच खेकसले, "आप्पा, खरं सांगा, जरासुद्धा दुखत नाही का हो?" ते नुसते माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नर्स आली. आप्पांनी डोळे गच्च मिटले आणि ते ओरडले, "आई गं! मेलो! लई दुखतंय!"

माझा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत मी त्यांच्या पायांकडं वळले. नर्स अजून हातमोजे घालत होती.